पन्नास मीटरच्या आत

२०२४ सालच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान दिल्लीला पोचलंच नाही. मुळात ते कित्येक तास उशिरा सुटलं होतं, त्यात रात्री ते मुंबईकडे वळवावं लागलं. तिथं वैतागलेले प्रवासी विमानातून खाली उतरले आणि विमानं उभी करण्याच्या जागेतच, उघड्यावर फतकल मारून जेवायला बसले. त्या पंगतीचा व्हिडिओ देशभर फिरला. विमान कंपनीला १ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला, विमानतळाच्या चालकांनाही झाला, आणि वाहिन्यांवर चर्चा रंगली ती शिस्त, सुरक्षा आणि कंपन्यांच्या बेपर्वाईची. या सगळ्याचं मूळ मात्र मुंबईपासून साडेअकराशे किलोमीटरवर होतं. त्या रविवारी पहाटे दिल्लीत पालमला दृश्यमानता नोंदली गेली होती शून्य मीटर.

कंपनीची बाजू घेण्याचा माझा इरादा नाही. प्रवाशांना माहिती न देता तासन्‌तास बसवून ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला दंड व्हायलाच हवा. पण त्या रात्रीच्या उशिराबद्दल मला जे म्हणायचं आहे ते बहुतेक प्रवाशांना रुचणार नाही. धुक्यात उशीर झाला याचा अर्थ कुणीतरी इशारा ऐकला. उत्तर भारतातल्या हिवाळ्यात विमान हा इशारा अक्षरशः पाळतं, रेल्वे तडजोड करत पाळते आणि रस्ता जवळजवळ पाळतच नाही. माणसं मरतात ती बरोबर उलट्या क्रमाने. शिव्या मात्र सगळ्यात जास्त विमानाला पडतात.

आपल्याकडे धुकं म्हणजे महाबळेश्वरची सकाळ, फार तर खंबाटकी घाटात दिवे लावून चालवलेली गाडी. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला त्याची खरी धास्ती असते, पण तीही रोगाच्या भीतीने. गंगा-यमुनेच्या मैदानातलं धुकं ही निराळीच चीज आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पाकिस्तानातल्या पंजाबापासून बिहार-बांगलादेशापर्यंत, हजार-दीड हजार किलोमीटर लांबीचा पट्टा एकाच वेळी त्याच्याखाली जातो. उपग्रहाच्या चित्रात हिमालयाच्या पायथ्याला पांढरा रंग ओतल्यासारखा दिसतो आणि त्याची उत्तरेकडची कड डोंगराच्या रेषेबरहुकूम वळणं घेते.

त्याची कृती साधी आहे. पश्चिमेकडून येणारे झंझावात थोडा पाऊस पाडून पुढे निघून जातात. जमीन ओली राहते, आकाश निवळतं, वारा पडतो. रात्र मोठी असते. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत गार होत जाते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि त्या हवेतली वाफ थेंबांच्या रूपात बाहेर पडते. गव्हाला दिलेलं कालव्याचं पाणी ओलाव्यात भर घालतं. उत्तरेला हिमालय आहे, त्यामुळे गार जड हवा या मैदानात साचून राहते. आश्चर्य वाटावं अशी गोष्ट म्हणजे, हात लांब केला तर बोटं अंधुक दिसावीत अशा दाट धुक्यातही एका घनमीटर हवेत पाणी जेमतेम अर्धा ग्रॅम असतं. दिसेनासं होतं ते पाण्याच्या वजनामुळे नव्हे, थेंबांच्या संख्येमुळे. तेवढंच पाणी जितक्या अधिक कणांवर वाटलं जाईल तितके थेंब बारीक, तितका प्रकाश जास्त विखुरणार. आणि कणांची दिल्लीला कमतरता नाही. आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की, प्लास्टिकसारखा कचरा जाळण्यातून आणि काही उद्योगांतून येणारं क्लोराइड रात्रीच्या गारव्यात अमोनियाशी जुळून कणांवर बसतं, ते कण पाणी ओढून फुगतात आणि दृश्यमानता घटण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे दिल्लीचं धुकं हे निव्वळ हवामान राहिलेलं नाही. त्यात शहराचा कचराही आहे.

कृती साधी असली तरी अंदाज महाकठीण. वारा अगदीच पडला तर जमिनीवर दव पडतं आणि वरची हवा कोरडी राहते. वारा थोडा जास्त झाला तर वरची उबदार हवा खाली मिसळते आणि धुकं धरतच नाही. रात्री दोन वाजता उंचावर ढगांचा पातळ थर सरकला तर जमिनीची उष्णता निसटत नाही. तापमानात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी शून्य मीटरऐवजी आठशे मीटर दिसतं. पावसाचा अंदाज दहा किलोमीटरने चुकला तरी शेतकऱ्याच्या रानात थोडा कमी-जास्त पाऊस पडतो. धुक्याचा अंदाज दहा किलोमीटरने चुकला तर विमानतळ उघडा राहतो आणि शेजारच्या महामार्गावर गाड्या एकमेकींवर आदळत असतात.

या कोड्यामागे गेली दहा वर्षं लागलेली मंडळी पुण्याची आहेत. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या विमानतळावरच उपकरणं मांडली आणि ‘विंटर फॉग एक्स्परिमेंट’ सुरू केला. त्याची धुरा सचिन घुडे यांच्याकडे आहे (धुक्याचं आणि सचिन या नावाचं काय नातं आहे कोण जाणे). जमिनीचं तापमान, मातीतला ओलावा, जमिनीलगतच्या वाऱ्याचे बारीक झुळके, कणांचे आकार आणि थेंबांची संख्या असं सगळं रात्रभर मोजत राहायचं, हा तो प्रयोग. पुढे तो जेवर आणि हिसारपर्यंत पसरला. त्यातून तीन किलोमीटरच्या जाळीचं एक प्रारूप तयार झालं आणि दृश्यमानता दोनशे मीटरखाली जाण्याचे त्याचे अंदाज पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बरोबर येतात, असं पृथ्वी विज्ञान मंत्रालय सांगतं. पुण्याचं हवामान खात्याशी नातं तसं जुनंच. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ती इमारत हवामान खात्याची आहे, आणि खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथं आलं म्हणून तिला ते नाव पडलं? मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं.

आता इशारा. हवामान खातं हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल असे चार रंग वापरतं. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे पाऊल उचला. दोनशे ते पाचशे मीटर दिसत असेल तर मध्यम धुकं, पन्नास ते दोनशे म्हणजे दाट आणि पन्नासच्या आत अतिदाट. हे इशारे जिल्ह्याजिल्ह्याने निघतात, आदल्या दुपारी वर्तमानपत्रांकडे पोचतात आणि आता मोबाइलवरही येतात. ऐनवेळी पुढच्या तीन तासांसाठी वेगळा तातडीचा इशारा निघतो. रात्री हे धुकं वरून ओळखण्यासाठी इन्सॅट उपग्रहाची एक युक्ती कामाला येते. धुक्याचं तापमान जमिनीच्या तापमानाच्या इतकं जवळ असतं की साध्या उष्णताचित्रात ते दिसतच नाही. म्हणून अवरक्त किरणांच्या दोन वेगवेगळ्या लांबींत घेतलेली चित्रं एकमेकांतून वजा करतात. जिथं फरक उरतो तिथं धुकं.

इथवरची व्यवस्था चांगली आहे असं माझं मत आहे. पेच पुढे आहे. ‘मथुरा जिल्ह्यात अतिदाट धुक्याची शक्यता’ हे वाक्य मथुरा जिल्ह्यातून पहाटे चार वाजता जाणाऱ्या माणसाने ऐकून नेमकं काय करायचं? त्याचं उत्तर तो माणूस कोणत्या वाहनात बसला आहे यावर ठरतं.

विमानात बसला असेल तर त्याला काहीच करायचं नाही, कारण उत्तर आधीच आकड्यांत लिहून ठेवलेलं आहे. धावपट्टीच्या कडेला ‘दृष्टी’ नावाची उपकरणं उभी असतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ती घडवली. एका खांबावरून प्रकाश सोडायचा, ठरावीक अंतरावरच्या दुसऱ्या खांबावर त्यातला किती पोचला ते मोजायचं आणि त्यावरून वैमानिकाला धावपट्टी किती मीटर दिसेल हे काढायचं. साध्या यंत्रणेवर उतरायला ५५० मीटर लागतात. ‘कॅट थ्री-बी’ म्हणून ओळखली जाणारी सर्वांत प्रगत सोय असेल तर ५० मीटरही पुरतात, कारण तिथं विमान स्वयंचलित यंत्रणाच उतरवते. वैमानिक नजर ठेवतात. पण त्यासाठी तीन किल्ल्या एकाच वेळी लागतात : धावपट्टी त्या दर्जाची हवी, विमान त्या दर्जाचं हवं आणि दोन्ही वैमानिकांनी ते खास प्रशिक्षण घेतलेलं हवं. लहान शहरांना जोडणारी पंख्याची एटीआर विमानं यात बसतच नाहीत. १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा दिल्लीचा अधिकृत धुक्याचा हंगाम मानला जातो, आणि त्या काळात असे प्रशिक्षित वैमानिकच नेमावेत अशी अपेक्षा असते. दोन मोठ्या कंपन्यांनी ती पाळली नाही म्हणून २०२४ च्या जानेवारीत त्यांना प्रत्येकी तीस लाखांचा दंड झाला. त्यातच दिल्लीच्या चार धावपट्ट्यांपैकी प्रगत सोय असलेली एक दुरुस्तीसाठी बंद होती. संक्रांतीच्या त्या गोंधळात धुक्याइतकाच या ढिलाईचाही हात होता.

उतरायला ५० मीटर पुरतात, उड्डाणाला मात्र निदान १२५ लागतात. ही विसंगती वाचताना गंमतशीर वाटते, पण तिच्यामुळे सगळा गाडा अडकतो. पहाटे दृश्यमानता शंभर मीटर असेल तर विमानं येत राहतात आणि जात नाहीत. उभं करायला जागा उरत नाही. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, त्यामुळे तासाला उतरणारी विमानं कमी होतात. दिल्लीहून सकाळी सातला पुण्याला निघणारं विमान साडेदहाला निघतं, तेच पुण्याहून पुढे नागपूरला किंवा गोव्याला जायचं असतं, आणि लोहगावला लख्ख उन्हात बसलेल्या प्रवाशाला फलकावर ‘खराब हवामान’ वाचून संताप येतो. त्या गोंधळानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना मुभा दिली की, तीन तासांहून अधिक उशीर होणार असं दिसत असेल तर उड्डाण आधीच रद्द करावं. हे शहाणपण बरंच उशिरा सुचलं असं म्हणावं लागेल.

आकड्यांचा एवढा बडिवार कशासाठी? २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर आले आणि ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा आजही सर्वांत मोठा अपघात आहे, आणि तो आकाशात झालेला नाही. २००१ मध्ये मिलानच्या लिनाते विमानतळावर पुन्हा धुक्यात, पुन्हा जमिनीवर, ११८ जण गेले. या क्षेत्राने त्यातून एकच गोष्ट उचलली : धुक्यात कुणाच्याही अंदाजावर, अनुभवावर किंवा हिमतीवर काही सोडायचं नाही.

रेल्वेची गोष्ट जुनी आहे आणि मला ती जास्त आवडते. उत्तर भारतातल्या स्थानकांवर स्टेशन मास्तरच्या खोलीपासून १८० मीटरवर एक ठरलेली खूण असते. कुठे खांब, कुठे सिग्नलचा दिवा. मास्तर बाहेर येऊन बघतो. ती खूण दिसली तर ठीक, नाही दिसली तर धुकं जाहीर. हवामान खात्याला फोन नाही, उपग्रह नाही. एका माणसाने एका जागी उभं राहून, त्या क्षणी, स्वतःच्या डोळ्यांनी दिलेला इशारा. जिल्ह्यासाठी निघालेला लाल रंग जे सांगू शकत नाही ते ही खूण सांगते.

धुकं जाहीर झालं की गँगमन फटाके घेऊन रुळांवर निघतात. हे फटाके म्हणजे पत्र्याच्या चपट्या डब्या, रुळाच्या माथ्यावर पट्टीने घट्ट बसवायच्या. सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे दोन फटाके, एकमेकांपासून दहा मीटरवर. इंजिनाचं चाक वरून गेलं की धाडधाड दोन बार होतात आणि इंजिनातल्या माणसाला कळतं की आता सिग्नल येतोय, डोळे फाडून बघ. कडाक्याच्या थंडीत रात्रभर शेकोटीपाशी बसून गाडीगणिक नवे फटाके लावणारा तो माणूस या संपूर्ण यंत्रणेचा कणा होता, आजही पुष्कळ ठिकाणी आहे. त्याच्या जोडीला रुळांवर चुन्याचे पट्टे ओढतात, खांबांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावतात.

तरीही अपघात होत. २ जानेवारी २०१० रोजी उत्तर प्रदेशात दाट धुक्यात एकाच दिवशी कानपूरजवळ पनकीला गोरखधाम एक्सप्रेस प्रयागराज एक्सप्रेसवर मागून आदळली आणि इटाव्याजवळ लिच्छवी एक्सप्रेस मगध एक्सप्रेसवर. पुढच्या गाडीचा शेपटीचा दिवा मागच्या चालकाला दिसेपर्यंत ब्रेक लावायला अंतरच उरलेलं नसतं. पुढल्या दशकात इंजिनांत एक छोटी पेटी आली, ‘फॉग सेफ डिव्हाइस’. जीपीएसवर चालते. चालक गाडी सुरू करताना मार्ग निवडतो, मग ती पेटी पुढच्या सिग्नलचं नाव आणि अंतर दाखवत राहते आणि जवळ आल्यावर बोलून सांगते. २०२३ च्या हिवाळ्यासाठी रेल्वेने अशा १९,७४२ पेट्या दिल्या. या पेटीची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. सिग्नल कुठे आहे एवढंच ती सांगते, तो लाल आहे की हिरवा हे सांगत नाही. ते चालकाने काचेतून बघायचं असतं. सिग्नलची अवस्था थेट इंजिनात आणून गाडी आपोआप थांबवणारी ‘कवच’ प्रणाली आहे, पण ती जिथं बसली आहे तिथंच.

पेटी आली म्हणून धुक्यातली कमाल गती ताशी ६० वरून ७५ किलोमीटर झाली. एरवी १३० ने धावणारी गाडी ७५ ने चालायची म्हणजे उशीर ठरलेलाच. त्यात एका गाडीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. रेल्वे म्हणून आणखी एक करते : १ डिसेंबरच्या सुमारापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत अनेक गाड्या महिनाभर आधीच रद्द करून टाकते किंवा आठवड्यातले फेरे कमी करते. त्या विशिष्ट रात्री धुकं पडेल का, याच्याशी त्याचा संबंध नसतो. एखाद्या पंचांगातल्यासारखा तो मुहूर्त आहे. प्रवाशांना तो जाचक वाटतो, पण त्याने रुळांवरची गर्दी कमी होते आणि जी गाडी सुटते ती निदान पोचते. जम्मूहून पुण्याला येणारी झेलम किंवा निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस मनमाडला चार तास उशिरा येते तेव्हा मनमाडला थंडीशिवाय काहीच नसतं. त्या चार तासांतला प्रत्येक तास आग्र्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी पटरीवर खर्ची पडलेला असतो. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं. गाडी तुमच्या स्थानकावरून सुटण्याआधी अर्ज भरावा लागतो एवढंच.

आता रस्ता. इथं मास्तर नाही, फटाके नाहीत, ‘दृष्टी’ नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत अपघात कोणत्या हवेत झाला याची नोंद असते. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत धुक्याच्या रकान्यातले मृत्यू देशभरात तेरा हजारांच्या वर आहेत. हा आकडा जपून वाचावा. पोलिसाने फॉर्मवर ‘धुकं’ लिहिलं म्हणजे अपघात धुक्यामुळेच झाला असं नाही. पेंगलेला चालक, रस्त्यात बंद पडलेला ट्रक, उसाने भरलेली दिव्यांविना ट्रॉली ही कारणं त्यात मिसळलेली असतात. पण निम्मे वगळले तरी उरतात ते किती, याचा विचार करा.

यमुना द्रुतगती मार्ग घ्या. ग्रेटर नोएडा ते आग्रा, १६५ किलोमीटर, २०१२ मध्ये खुला झाला. दरवर्षी १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात तिथली वेगमर्यादा हलक्या वाहनांना १०० वरून ७५ आणि जड वाहनांना ६० अशी उतरवतात. बरं वाटतं ऐकायला. जरा हिशेब करू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ७५ च्या वेगात तेवढ्यात गाडी ३१ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांनी, जोरात ब्रेक लावून थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण साठ-सत्तर मीटर. भरलेला ट्रक ६० च्या वेगात असेल तर त्यालाही साठेक मीटर लागतात, दवाने रस्ता ओला असेल तर अधिक. आणि अतिदाट धुकं म्हणजे काय, तर पन्नास मीटरच्या आत. थोडक्यात, कमी केलेली वेगमर्यादा काटेकोर पाळणारा माणूससुद्धा उभ्या ट्रकवर आदळू शकतो. शिवाय ही मर्यादा जानेवारीतल्या लख्ख दुपारीही तीच आणि पहाटेच्या शून्य मीटरमध्येही तीच. रेल्वेच्या रद्द गाड्यांसारखा हाही पंचांगी मुहूर्तच, पण रेल्वेपाशी त्याच्या जोडीला १८० मीटरची खूण आहे, रस्त्यापाशी नाही.

धुक्यात माणूस आपोआप सावकाश चालवतो का, यावर शास्त्रज्ञांत एक सुरेख वाद झाला. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी लिहिलं की दृश्य फिकट झालं की आपला वेग आपल्याला कमी वाटतो, म्हणून माणसं नकळत जोरात चालवतात. वर्षानुवर्षं हे सांगितलं गेलं. २०१२ मध्ये जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांनी दाखवलं की त्या प्रयोगात सगळं चित्र सारखंच फिकट केलं होतं. खऱ्या धुक्यात जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट दिसतं. तसं धुकं दाखवलं की माणसाला वेग उलट जास्त वाटतो आणि तो हळू होतो. मला दुसरा निष्कर्ष पटतो. पण हळू होणं पुरेसं हळू असतं असं कुठे आहे? आणि समोर कुणाचा तरी लाल दिवा दिसला की सगळंच बदलतं. तो दिवा हा एकमेव आधार वाटतो, तो निसटू नये म्हणून माणूस अंतर कमी करत जातो. पुढचा थांबला की मागचे दहा जण त्याच्यावर. नोव्हेंबर २०१७ मध्ये याच यमुना मार्गावर धुरक्यात एकामागून एक डझनाहून अधिक गाड्या आदळल्या. त्याचं चित्रण आजही बघायला मिळतं. आदळलेल्या गाड्यांतून उतरलेली माणसं मागून येणाऱ्यांना हात करून ओरडत आहेत, आणि तरीही पुढची गाडी येऊन धडकतेच. त्या हात करणाऱ्यांनाच त्या सकाळी रस्त्यावरचा इशारा म्हणायचं. पूर्ण उजेडाचे दिवे लावणाऱ्याची अवस्था तर आणखी वाईट : प्रकाश थेंबांवरून परतून त्याच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

रस्त्याला इशारा पाळायला लावता येतच नाही, असं मात्र नाही. सरहद्दीपलीकडे लाहोर-इस्लामाबाद मार्गावर, म्हणजे याच धुक्याच्या पश्चिम टोकाला, मोटरवे पोलिस दृश्यमानता घसरली की तेवढा टप्पा सरळ बंद करतात. फाटक लागतं, गाड्या बाहेर थांबतात किंवा जुन्या जीटी रोडकडे वळतात, धुकं विरलं की फाटक उघडतं. थंडीच्या दिवसांत तिथल्या वर्तमानपत्रांत कोणता टप्पा कधी बंद हे रोज छापून येतं. अडवलेली सगळी वाहतूक सुरक्षित होते असं नाही. जुन्या रस्त्यावर गर्दी वाढते, तिथंही धुकं असतंच. पण ताशी शंभरने धावणाऱ्या गाड्या एकमेकींत घुसण्याचा प्रकार टळतो. आपल्याकडे द्रुतगती मार्गांना टोलनाके आहेत, म्हणजे फाटकं आयतीच आहेत. कधीमधी पोलिस गाड्या अडवून, पुढे गस्तीचं वाहन ठेवून ताफ्याने सोडतात. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाने २०२२ च्या डिसेंबरात रात्रीच्या बस थांबवण्याचा निर्णय घेतला होता. हे सारे उपाय एखाद्या मोठ्या अपघातानंतर येतात आणि ऊन पडलं की विरतात.

यामागचं कारण मला हिशेबाच्या वहीत दिसतं. विमान उशिरा गेलं तर कंपनीचं इंधन, वैमानिकाचे तास, प्रवाशांची व्यवस्था असा खर्च कंपनीवर येतो, नियमाने येतो, आणि तरी ती उडत नाही कारण न उडणंही नियमानेच ठरलेलं असतं. रेल्वेचा उशीर सरकारच्या अंगावर पडतो. नाशिकहून द्राक्षं किंवा नागपूरहून संत्री घेऊन दिल्लीतल्या आझादपूरच्या मंडईकडे निघालेल्या ट्रकचा उशीर कुणाच्या अंगावर पडतो? माल उतरला, भाव गडगडला, किंवा पहाटेचा लिलाव हुकला, तर दोष चालकाचा. वाटेत धुकं लागलं म्हणून ढाब्यावर पाच तास थांबलेल्या चालकाला त्या पाच तासांचे पैसे देणारा मालक विरळा. तो थांबत नाही, कारण थांबणं त्याला परवडत नाही. हवामान खात्याचा लाल रंग त्याच्या मोबाइलवर आलेला असतोच.

तुम्हाला स्वतःच्या गाडीने जानेवारीत दिल्ली-आग्रा करायचं असेल तर सोपं आहे. हॉटेलवाला पहाटे पाचला निघा, ताज उगवत्या उन्हात दिसेल असं सांगेल. ताज त्या वेळी बहुधा दिसतच नाही. दहानंतर निघा. ऊन जमिनीला लागून दोनेक तास गेले की थर खालून विरू लागतो आणि अकरापर्यंत रस्ता बहुतेक वेळा मोकळा होतो. कधीकधी तो विरत नाही, नुसता वर उचलला जाऊन दिवसभर राखाडी ढगासारखा टांगलेला राहतो. तेव्हा खाली दिसतं नीट, फक्त थंडी हाडात शिरते. आणि वाटेत धुकं लागलंच तर कडेच्या पट्ट्यात थांबू नका. मागचा माणूस तीच पांढरी रेघ धरून येत असतो. जो पहिला टोलनाका, पेट्रोल पंप किंवा ढाबा येईल तिथं रस्त्यापासून पूर्ण आत गाडी घ्या आणि दिवे बंद करा, नाहीतर तुमचा लाल दिवा हाच रस्ता समजून कुणीतरी आत येईल.